गाडीत रास्पबेरी पायची म्युझिक सिस्टीम: रिस्टार्ट, शटडाउन आणि शिट्टी

खड्डेमुक्त

नमस्कार मंडळी. २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. कंपनीचा सीडी-रेडिओ काढून त्या जागी रास्पबेरी पाय ४ (२ जीबी) हा छोटा संगणक बसवायचा आहे. स्क्रीन नको, गाणी फोनवरून निवडली तरी चालेल. सामान आणून ठेवलंय: पीसीएम५१०२ए चिपचं जांभळं डॅक बोर्ड (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारं), एलएम२५९६ चं तयार बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करणारं), चार चॅनेलचा छोटा अँप (डब्यावर ४ × ५० वॅट लिहिलंय) आणि १२८ जीबीचा पेनड्राइव्ह. संग्रह बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीताचा, फाइलींची नावं देवनागरीत.

घरी टेबलावर सगळं झकास चालतं. गाडीत लायटरच्या सॉकेटवर चार्जर लावून पाहिलं तर सेल्फ मारला की पाय रिस्टार्ट होतो. इंजिन चालू झालं की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि रेस केल्यावर ती वर चढते. चावी काढली की वीज खाडकन जाते, त्यामुळे एसडी कार्डाची काळजी वाटते. पाय कायमच्या १२ व्होल्टवर टाकून चालूच ठेवला तर? जोडणी कशी करावी, कृपया सविस्तर सांगा.

बारा_व्होल्ट

टेबलावर चालतं आणि गाडीत नाही, म्हणजे पायचा दोष नाही. गाणी वाजवणं हा यातला सोपा भाग, खरी डोकेदुखी विजेची.

आधी शेवटचा प्रश्न. चालूच ठेवू नका. नुसता बसलेला पाय ४ साधारण ३ वॅट खातो, म्हणजे १२ व्होल्टला पाव अँपिअर, दिवसाला ६ अँपिअर-अवर. गाडी तीन दिवस उभी राहिली की तुमची बॅटरी निम्मी.

गाडीची लाइन नावाला १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना ती १३.८ ते १४.४ असते, सेल्फ मारताना क्षणभर ६-७ वर कोसळते, आणि डायनॅमो चार्ज करत असताना बॅटरीचं टर्मिनल निसटलं तर ४० च्या वर उसळते. साध्या एलएम२५९६ ची इनपुट मर्यादाच ४० आहे. त्याऐवजी एलएम२५९६एचव्ही घ्या, ती ६० पर्यंत सोसते. तिच्या इनपुटला समांतर एसएमसीजे२४ए हा टीव्हीएस डायोड लावा. तो उसळी ३९ व्होल्टच्या आसपास कापतो, म्हणून साध्या चिपला एका व्होल्टाचीच जागा उरते. मॉड्यूलवरचा इनपुट कपॅसिटर ३५ व्होल्टचा असेल तर तोही बदलून ६३ व्होल्टचा घाला, नाहीतर चिप वाचेल आणि कपॅसिटर फुटेल.

आउटपुट ५.२ व्होल्टवर ठेवा, आणि पाय जोडायच्या आधी मल्टीमीटर लावून ठेवा. नवीन मॉड्यूल पहिल्यांदा किती व्होल्ट देईल याचा नेम नसतो आणि त्याचा प्रीसेट बरेच फेरे फिरवावा लागतो. पाय ४.६३ च्या खाली गेला की अंडरव्होल्टेजची तक्रार करतो, आणि बारीक यूएसबी केबल अर्धा व्होल्ट सहज गिळते. त्यामुळे बकपासून पायपर्यंत जाड आणि आखूड वायर.

सेल्फच्या वेळच्या झटक्यासाठी: फ्यूजनंतर १ ओहम २ वॅटचा रेझिस्टर, मग १एन५८२२ डायोड, मग ४७०० मायक्रोफॅरड, आणि मग बक. डायोडमुळे कपॅसिटरमधली वीज उलटी स्टार्टरकडे पळत नाही. रेझिस्टर नसेल तर रिकामा कपॅसिटर भरताना रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात. हिशेब असा: अर्धा अँपिअर ओढत असताना १२ वरून ७ वर यायला सुमारे ४७ मिलिसेकंद लागतात. सेल्फचा पहिला खोल खड्डा तेवढाच असतो, नंतर लाइन ८-९ वर येते आणि बक तिथे काम करतो. बॅटरी म्हातारी असेल तर हे पुरणार नाही. मग बक-बूस्ट मॉड्यूल (व्होल्टेज कमी आणि जास्त दोन्ही करणारं) घ्या, किंवा सरळ बॅटरी बदला.

आता शटडाउन. रिले साधा १२ व्होल्टचा शुगरक्यूब, कॉइल ४०० ओहम. कॉइलचं एक टोक कायमच्या १२ व्होल्टला, ३ अँपिअरच्या फ्यूजनंतर. दुसरं टोक दोन बीसी५४७ च्या जोडलेल्या कलेक्टरना, दोन्ही एमिटर अर्थला. कॉइलवर उलटा १एन४००७. म्हणजे दोघांपैकी एक ट्रान्झिस्टर जरी चालू असला तरी रिले धरून ठेवतो आणि बकला वीज मिळते.

पहिला ट्रान्झिस्टर एसीसीवर (चावी फिरवली की चालू होणारी लाइन): एसीसी, १एन४००७, ४७० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट अर्थला, तिथून १० किलोओहममधून बेस. दुसरा पायच्या जीपीआयओ २६ वर (सॉफ्टवेअरने चालू-बंद होणारी पिन), २.२ किलोओहममधून. दोन्ही बेसवरून अर्थला १०-१० किलोओहम.

तो ४७० चा कपॅसिटर वगळू नका. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना एसीसीची लाइन कापली जाते. कपॅसिटर पहिल्या ट्रान्झिस्टरला पाच-सहा सेकंद जिवंत ठेवतो. तो नसेल तर चावी एका दमात फिरवली की पाय अर्ध्या बूटमध्ये पडतो.

पायवर जीपीआयओ-पॉवरऑफ हा ओव्हरले (हार्डवेअरची तयार सेटिंग) टाका, पिन २६, ॲक्टिव्ह-लो. पिन बूट होताना हाय होते आणि शटडाउन पुरा झाल्यावरच लो. मग रिले सुटतो आणि गाडीतून एक मिलिअँपिअरही जात नाही. बूटच्या सुरुवातीला ही पिन काही सेकंद लोच असते, पण तेवढा वेळ एसीसीचा ट्रान्झिस्टर सांभाळतो.

पायला एसीसी बंद झाल्याचं कळायला पीसी८१७ ऑप्टोकपलर (तारेऐवजी प्रकाशाने सिग्नल पोचवणारी चिप). एसीसीकडून २.२ किलोओहम, एलईडीच्या बाजूला उलटा १एन४१४८. कलेक्टर जीपीआयओ १७ ला, आतला पुल-अप चालू. एसीसी असताना पिन लो. तयार जीपीआयओ-शटडाउन ओव्हरले इथे वापरू नका. तो १०० मिलिसेकंदांत निर्णय घेतो, म्हणजे सेल्फ मारला की पाय स्वतःला झोपवायला लागतो. दर सेकंदाला पिन वाचणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहा आणि सलग २० सेकंद एसीसी बंद दिसली तरच पॉवरऑफ करा. पेट्रोल पंपावर दोन मिनिटं गाडी बंद करता, त्यासाठी हा आकडा १८० केला तरी चालतं.

सिस्टमडीमध्ये हार्डवेअर वॉचडॉग १५ सेकंदांवर चालू करा. पाय गोठला तर तो रिसेट होतो, पिन २६ लो होते, आणि एसीसी बंद असेल तर रिलेही सुटतो. हे केलं नाही तर एका हँगमध्ये बॅटरी झोपेल.

मंद्रसप्तक

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी शिट्टी आणि आवाजाचं सांगतो.

रेसबरोबर चढणारी शिट्टी म्हणजे डायनॅमोचा रिपल (त्याच्या विजेतला बारीक चढउतार). तो आत कुठून येतो ते आधी शोधा, फिल्टर विकत घ्यायची घाई नको. अँपच्या इनपुटमधून आरसीए (ऑडिओ सिग्नलची केबल) काढा आणि सिग्नल व शील्ड एकमेकांना शॉर्ट केलेले प्लग तिथे खोचा. इंजिन चालू करा. शिट्टी तशीच असेल तर भानगड अँपच्या सप्लाय किंवा अर्थिंगची. गेली असेल तर ती पायकडून येतेय. मग आरसीए परत लावा आणि फक्त चाचणीपुरता पाय पॉवरबँकवर चालवा. आता शिट्टी नसेल तर ग्राउंड लूप पक्का: पायचा परतीचा करंट थोडा अर्थच्या तारेतून आणि थोडा आरसीएच्या शील्डमधून जातोय, आणि शील्डवरचा तो मिलिव्होल्टातला फरक अँपला गाण्यासारखाच दिसतो. लायटर सॉकेटचा अर्थ एकीकडे आणि अँपचा दुसरीकडे असल्यावर हे होणारच.

उपाय फुकटचा आहे. बकचा निगेटिव्ह आणि अँपचा निगेटिव्ह एकाच बोल्टवर आणा. बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, रिंग लग क्रिम्प करा, दातेरी वॉशर घाला आणि वरून थोडं ग्रीस, म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. स्टिअरिंगच्या खालचे शोभेचे स्क्रू अर्थ म्हणून वापरू नका.

तरीही थोडी उरली तर दोन मार्ग. आरसीएमध्ये बसवायचा ग्राउंड लूप आयसोलेटर स्वस्त आहे, पण आत इवलासा ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो खालचा बास खातो. तबल्याच्या बायाचा घुमारा गेलेला लगेच कळतो. माझं मत दुसऱ्याला: बकच्या जागी आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर, ५ व्होल्ट १५ वॅट. महाग आहे, पण लूपच तुटतो. मात्र त्यातले बरेचसे ९ व्होल्टच्या खाली बंद पडतात, तेव्हा सेल्फचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. आधी अर्थिंग नीट करा, बहुतेक वेळा तिथेच भागतं.

डॅक: बीसीके पायच्या १२ नंबरच्या पिनला, एलआरसीके ३५ ला, डीआयएन ४० ला. एससीके अर्थला जोडा. ती मोकळी सोडली की कधी आवाज येतो, कधी खरखर, कधी काहीच नाही, आणि माणूस सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो. बोर्डाच्या मागचे चार सोल्डर जंपर पाहा: १, २, ४ हे एलकडे, ३ एचकडे. तिसरा एचला नसेल तर डॅक म्यूटच राहतो. वायरी १० सेंटिमीटरच्या आत ठेवा. पायच्या ३.५ मिमी जॅकचा मोह नको, त्यात वेगळा डॅक नाही आणि मंद आलापीत त्याची सळसळ ऐकू येते.

अँपवरचे ५० वॅट विसरा. १४.४ व्होल्टवर ब्रिज केलेला अँप ४ ओहमला जास्तीत जास्त १४.४ × १४.४ भागिले ८, म्हणजे सुमारे २६ वॅट देऊ शकतो, तेही कागदावर. आतमध्ये व्होल्टेज चढवणारा कन्व्हर्टर असलेले मोठे अँप वेगळे. हॅचबॅकला प्रत्येकी २० वॅट रग्गड. एक मात्र लक्षात ठेवा: ब्रिज आउटपुटमध्ये स्पीकरचं निगेटिव्ह अर्थ नसतं. चार निगेटिव्ह एकत्र केले किंवा बॉडीला लावले तर अँपची चिप तिथेच जाते.

डॅक २.१ व्होल्ट देतो, फोनच्या दुप्पट. अँपचा गेन किमानवर ठेवून सुरुवात करा आणि पायचा आवाज पूर्ण केल्यावर जिथे फाटायला लागेल त्याच्या जरा खाली थांबा. गेन जितका कमी तितकी उरलीसुरली शिट्टीही कमी. अँपची रिमोट वायर (अँप चालू-बंद करणारी) एसीसीला थेट देऊ नका, पाय बूट झाल्यावर वेगळ्या जीपीआयओवरून रिलेने द्या. म्हणजे चालू-बंद होतानाचा ‘ठप्’ स्पीकरपर्यंत पोहोचत नाही.

टर्मिनलवाला

सॉफ्टवेअरचं माझ्याकडून. रास्पबेरी पाय ओएस लाइट, डेस्कटॉप नको. कॉन्फिग फाइलमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ बंद करा आणि हायफायबेरी-डॅक हा ओव्हरले टाका. तुमचं बोर्ड हायफायबेरीचं नसलं तरी पीसीएम५१०२ए ला हाच लागतो. वाजवायला एमपीडी हा प्लेअर प्रोग्राम. या डॅकमध्ये हार्डवेअर व्हॉल्यूम नाही, त्यामुळे मिक्सर ‘सॉफ्टवेअर’ ठेवा. फोनवर एमपीडीचं कुठलंही ॲप चालेल, पोर्ट ६६००. पायचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर, चॅनेल ३६. देशाचा कोड ‘आयएन’ दिल्याशिवाय वायफाय उठतच नाही. २.४ वर ठेवलात तर ब्लूटूथशी टक्कर होऊन गाणं अडखळतं.

कार्ड वाचवायला रास्पी-कॉन्फिगमधून ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा. मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही, सगळं रॅममध्ये. याची खोच अशी की एमपीडीचा डेटाबेस आणि ‘कुठे थांबलो होतो’ ही स्टेट फाइलही दर वेळी पुसली जाते. म्हणून पेनड्राइव्हचे दोन भाग करा: २५६ एमबी एक्स्ट४ लिहिण्यासाठी, बाकीचा गाण्यांसाठी, तो फक्त-वाचन पद्धतीने माउंट. दोन्हीला ‘नोफेल’ लावा, नाहीतर पेनड्राइव्ह घरी राहिला तर बूटच अडकेल. ब्लूटूथच्या जोड्याही पुसल्या जातात, त्यामुळे सगळ्यांचे फोन आधी पेअर करा आणि मग ओव्हरले चालू करा.

देवनागरी नावांसाठी: गाण्यांचा भाग फॅट३२ असेल तर माउंट करताना यूटीएफ-८ चा पर्याय द्या, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसतील. नंतर कधी छोटी ओएलईडी लावलीत तर ‘स्वरसम्राज्ञी’ची अक्षरं सुटी पडलेली दिसतील, आणि इतर नावांतली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाईल. फॉन्ट बदलून ते सुटत नाही. पायथनच्या पिलोला (चित्रं काढणारी लायब्ररी) राक्म लायब्ररीची जोड लागते, तीच जोडाक्षरं जुळवते.

जुन्या ध्वनिमुद्रणांचा आवाज बारीक, नव्यांचा कानठळ्या बसवणारा. घरच्या संगणकावर आरएसगेनने सगळ्या फाइलींना रीप्लेगेनचे (आवाजाची पातळी एकसारखी करणारे) टॅग मारून घ्या आणि एमपीडीत रीप्लेगेन ‘ऑटो’ करा. गाडीत याचा फायदा महागड्या स्पीकरपेक्षा जास्त.

बूट लवकर व्हायला नेटवर्कची वाट पाहणारी सर्व्हिस आणि ॲप्टचे रोजचे टायमर बंद करा. वीसेक सेकंदांत गाणं सुरू व्हायला हवं.

खड्डेमुक्त

मनापासून आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. दोन शंका. रिले-ट्रान्झिस्टरचा खटाटोप टाळून पायला कायमची पॉवरबँक लावली आणि ती गाडीवर चार्ज होत राहिली तर? आणि घरच्यांना आकाशवाणी हवी आहे. रेडिओ काढला तर एफएमचं काय?

फ्यूजबॉक्स

पॉवरबँक नको, अजिबात नको. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० च्या घरात जातो. सेल फुगतो, पुढचं सांगायला नको. मंद्रसप्तक यांनी सांगितलेली चाचणी दहा मिनिटांची आहे, ती ठीक.

उष्णतेचाच विषय निघालाय तर पायची जागाही ठरवा. ८० अंशांना तो स्वतःचा वेग कमी करायला लागतो. डॅशबोर्डच्या वर नाही, एसीच्या नळीला चिकटून नाही (पाणी सुटतं), ग्लोव्हबॉक्सच्या मागे उत्तम. थ्रीडी प्रिंटची पेटी करणार असाल तर पीएलए नको, ते ६० च्या आसपास मऊ पडतं. एएसए किंवा एबीएस घ्या. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांचेच.

कंपनीचा हार्नेस कापू नका. तुमच्या मॉडेलचा कपलर ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतो, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भागही एका फेरीत होतील. रंगांवर विसंबू नका. आयएसओ पद्धतीत पिवळी कायमची, लाल एसीसी, काळी अर्थ. पण कंपन्यांचे स्वतःचे रंग असतात आणि काही गाड्यांत पिवळ्या-लालची अदलाबदल असते. चावी काढून आणि लावून प्रत्येक वायर मल्टीमीटरवर बघा. पिवळ्या नळीतल्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना मात्र हात लावू नका, त्या एअरबॅगच्या. काम सुरू करायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा.

अँपची वायर रेडिओच्या कपलरमधून घेऊ नका, ती वायर तेवढ्यासाठी नसते. बॅटरीपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएम तांब्याची आणा. १५ अँपिअरला चार मीटरमध्ये पाव व्होल्ट पडतो, तेवढं चालतं. २० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, केबिनमध्ये नाही. फ्यूज अँपला वाचवायला नसतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तिला अडवणारं काहीच नसतं, म्हणून तो तुकडा जितका छोटा तितका बरा. फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट हवाच. जोड पिळून टेप मारलेले नकोत, उन्हात टेपचा गोंद वितळून सुटतो. क्रिम्प आणि हीटश्रिंक.

टर्मिनलवाला

एफएमसाठी आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीवरचा रेडिओ रिसीव्हर) पायला लावता येतो. साधारण ३०० मिलिअँपिअर जास्तीचे लागतात आणि तो बऱ्यापैकी तापतो, म्हणून पायला चिकटवून न बसवता यूएसबीच्या वितभर केबलवर लांब ठेवा. आवाज डॅकमधूनच येईल, फक्त एमपीडी पॉज करून एफएम सुरू करणारी एक स्क्रिप्ट लागेल. एसआय४७०३ या एफएम चिपचं छोटं मॉड्यूल स्वस्त पडतं, पण त्याचा आवाज ॲनालॉग असतो, तो अँपकडे न्यायला आणखी एक रिले आणि पुन्हा नवा ग्राउंड लूप. मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

गाडीच्या अँटेनाची पिन जाड असते आणि डोंगलची एसएमए, मध्ये कन्व्हर्टर घ्या. अँटेना छपरावरची आखूड असेल तर तिच्या बुडाशी बूस्टर असतो आणि त्याला रेडिओकडून निळ्या वायरीने १२ व्होल्ट मिळत असतात. रेडिओ काढला की ते बंद होतात आणि स्टेशन शहराबाहेर पडताच गायब होतं. डोंगलला दोष देण्याआधी ती वायर तपासा. ती अँपच्या रिमोटच्याच रिलेवर जोडली की गाडी बंद असताना बूस्टर बॅटरी खात बसणार नाही.